विश्लेषण : ना बॅटरी, ना वायर... हवामान दाखवणारा पाइनचा शंकू! हे तंत्र महाराष्ट्रात चालेल का?

पाइनच्या झाडाचा वाळलेला शंकू कोरड्या हवेत उघडतो आणि दमट हवेत मिटतो. झाडावरून गळून कित्येक वर्षे लोटली तरी त्याची ही हालचाल थांबत नाही. याच गुणधर्मापासून प्रेरणा घेऊन विजेशिवाय हवेची स्थिती दाखवणाऱ्या रचना युरोपातील संशोधकांनी उभ्या केल्या आहेत. कल्पना आकर्षक आहे, स्वस्त आहे आणि घरीही करून पाहता येण्यासारखी आहे. मात्र असे उपकरण जसेच्या तसे मुंबईच्या उकाड्यात टांगले, तर नेमक्या धोक्याच्या वेळी ते 'सर्व ठीक' असल्याचा इशारा देऊ शकते. असे का होते, आणि मग आपल्याकडे त्याचा खरा उपयोग कुठे, याचा हा आढावा.

'निसर्गप्रेरित' उपकरण म्हणजे नेमके काय?

निसर्गातील खुणांवरून हवामान ओळखणे आपल्याला नवे नाही. कावळ्याने घरटे किती उंचावर बांधले, पावशा कधी ओरडू लागला, मुंग्या अंडी घेऊन कुठे निघाल्या, यावरून पावसाचा अंदाज बांधला जातो. परंतु या खुणा म्हणजे उपकरण नव्हे. उपकरणात एकच कारण असेल तर दर वेळी एकच परिणाम दिसावा लागतो.

या दोन्हींच्या मधले एक गमतीदार उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. व्हिटबी गावचे डॉक्टर जॉर्ज मेरीवेदर यांनी १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात वादळाची सूचना देणारे एक यंत्र मांडले. त्यात १२ बाटल्यांमध्ये १२ जळवा होत्या. वादळापूर्वी जळवा बाटलीत वर चढतात असा त्यांचा समज होता. वर चढलेली जळू एक छोटा अडसर हलवायची आणि वरची घंटा वाजायची. जितक्या जास्त जळवा घंटा वाजवतील, तितकी वादळाची शक्यता जास्त! या यंत्राची प्रतिकृती आजही व्हिटबीच्या संग्रहालयात आहे.

मेरीवेदर यांनी जिवंत प्राणीच यंत्रात बसवला होता. आजचे अभियंते तसे करत नाहीत. ते प्राणी किंवा वनस्पती उचलत नाहीत, तर तिच्या रचनेतील तत्त्व उचलतात आणि ते लाकूड, कागद किंवा प्लास्टिकमध्ये उतरवतात. यालाच निसर्गप्रेरित रचना म्हणतात.

पाइनचा शंकू उघडतो-मिटतो कसा?

शंकूवरील प्रत्येक खवला आतून दोन थरांचा असतो. दोन्ही थरांत सेल्युलोजचे सूक्ष्म धागे असतात, पण त्यांची दिशा वेगवेगळी असते. आतल्या थरात हे धागे खवल्याच्या लांबीच्या दिशेने असल्यामुळे ओलावा मिळूनही तो थर फारसा लांबत नाही. बाहेरच्या थरात ते आडव्या दिशेने गुंडाळलेले असल्याने तो थर ओलावा शोषून लांबतो. बाहेरची बाजू लांबली की खवला आत वळतो आणि शंकू मिटतो. हवा कोरडी झाली की बाहेरचा थर आक्रसतो, खवला बाहेर वळतो आणि शंकू उघडतो. कॉलिन डॉसन, ज्युलियन व्हिन्सेंट आणि ॲन-मरी रोका यांनी ही यंत्रणा १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडली.

यातील महत्त्वाची बाब म्हणजे खवल्यातील पेशी मृत असतात. हालचालीसाठी झाड कोणतीही ऊर्जा खर्च करत नाही. हवेतील बाष्पाची ये-जा हेच इंधन. त्यामुळे ही यंत्रणा किती टिकाऊ आहे, हे जर्मनीतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. सुमारे १ कोटी १५ लाख ते १ कोटी ६५ लाख वर्षांपूर्वीचे जीवाश्म शंकूही ओले-कोरडे केल्यावर हलतात, असे त्यांना आढळले.

पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकणारे लाकडी दार आणि उघडा ठेवल्यावर मऊ पडणारा पापड हीदेखील बाष्प शोषण्याचीच उदाहरणे. फरक इतकाच, की दार नुसते फुगते. शंकूत दोन थर एकमेकांना चिकटलेले असल्याने त्या फुगण्याचे वळणात रूपांतर होते.

ही कल्पना किती जुनी?

साडेतीनशे वर्षांहून अधिक. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात रानटी ओटच्या कुसळापासून हवेचा दमटपणा दाखवणारे साधन कसे बनवायचे, ते सांगितले आहे. हे कुसळ ओलाव्याने पीळ सोडते आणि कोरडे झाल्यावर पुन्हा पीळ घेते. त्याच्या टोकाला काटा लावला की तो तबकडीवर फिरू लागतो.

महाराष्ट्रातील माळरानांवर वाढणाऱ्या कुसळी गवतातही हीच करामत असते. चालताना कपड्यांत घुसणारी ती कुसळे ओली-कोरडी होताना गोल फिरतात आणि त्या फिरण्याच्या जोरावर बी जमिनीत शिरते. अशा वाळलेल्या कुसळावर पाण्याचा थेंब टाकला की ते फिरताना डोळ्यांनी दिसते.

पुढे १७८३ मध्ये स्वित्झर्लंडचे ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेल्यास केस साधारण दोन ते अडीच टक्के लांबतो. विसाव्या शतकातही हवामान केंद्रांवर केसाचे आर्द्रतामापक वापरात होते. जर्मनीतील लाकडी 'हवामान घरां'त तर पावसाळी हवेत छोटा पुतळा आणि कोरड्या हवेत बाहुली दाराबाहेर येते. आत असते फक्त प्राण्याच्या आतड्यापासून केलेली, ओलाव्याने पिळणारी तात.

आजचे संशोधक काय करत आहेत?

जर्मनीतील श्टुटगार्ट विद्यापीठाचे वास्तुरचनाकार आखिम मेंगेस यांनी स्टेफेन रायशर्ट यांच्यासह २०१२ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रासाठी 'हायग्रोस्कोप' ही रचना केली. काचेच्या पेटीत टांगलेल्या या रचनेवरील लाकडाच्या पातळ पाकळ्या पेटीतील आर्द्रता बदलताच उघडतात आणि मिटतात. मोटर नाही, वायर नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या 'हायग्रोस्किन' या मंडपात हेच तत्त्व उघड्यावर वापरले गेले. सुमारे ३० ते ९० टक्के आर्द्रतेच्या पट्ट्यात त्याची झरोके-पाने हलतात. ऊन पडले की उघडतात, पाऊस आला की मिटतात.

अलीकडे श्टुटगार्ट आणि फ्रायबुर्ग विद्यापीठांच्या संशोधकांनी 'सोलर गेट' ही खिडकीवरील सावलीची यंत्रणा तयार केली. थ्रीडी प्रिंटरवर सेल्युलोजयुक्त पदार्थापासून छापलेले ४२४ भाग हिवाळ्यातील दमट-थंड हवेत वळून उघडतात आणि ऊन आत घेतात. उन्हाळ्यात ते सपाट होऊन सावली देतात. म्हणजे इथे हालचाल पाइनच्या नेमकी उलट आहे. कोणता थर कोणत्या बाजूला ठेवायचा हे रचनाकाराच्या हातात असते, त्यामुळे हे शक्य होते.

उपकरण घडवताना गणित काय?

विजेच्या इस्त्रीतील थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो आणि पट्टी वाकते. स्टीफन टिमोशेन्को यांनी १९२५ मध्ये या वाकण्याचे सूत्र मांडले. उष्णतेऐवजी ओलावा धरला, तर तेच सूत्र पाइनच्या खवल्यालाही लागू होते.

समजा, १० सेंटिमीटर लांब आणि एकूण १ मिलिमीटर जाड पट्टीत सारख्याच जाडीचे आणि सारख्याच कडकपणाचे दोन थर आहेत. एक थर दुसऱ्यापेक्षा केवळ एक टक्का जास्त लांबला, तरी पट्टीचे टोक सुमारे ८६ अंशांत, म्हणजे जवळजवळ काटकोनात वळते. न दिसणारा एक टक्का दूरवरूनही दिसावा, हीच या रचनेची खरी ताकद. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने कित्येक टक्के फुगते, तर रेषांच्या दिशेने नगण्य. त्यामुळे लाकडाचा पातळ पापुद्रा आणि त्याला चिकटवलेला, ओलावा न शोषणारा प्लास्टिकचा थर एवढ्यावर काम भागते.

पट्टी किती जाड असावी, हा दुसरा प्रश्न. जाडी दुप्पट केली तर ओलावा आतपर्यंत पोहोचायला साधारण चौपट वेळ लागतो आणि वळणही निम्मे होते. पट्टी फार पातळ केली तर वाऱ्याने फडफडते. म्हणजे वेग आणि मजबुती यांत निवड करावी लागते.

तिसरा टप्पा मोजपट्टी आखण्याचा. यासाठी स्वयंपाकघरातील मीठ पुरते. बंद बरणीत पाण्याने भिजवलेले, पण पूर्ण न विरघळलेले मीठ ठेवल्यास आतील हवेची आर्द्रता काही तासांत ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. पट्टी मिठाला न टेकवता त्या बरणीत टांगली आणि टोक जिथे थांबेल तिथे खूण केली, की मोजपट्टीवरील एक बिंदू पक्का होतो.

मोबाइलवर हवामान दिसत असताना याची गरज काय?

मोबाइलवरील आकडा बहुतेक वेळा परिसरातील एखाद्या केंद्राचा किंवा संगणकीय प्रारूपाचा असतो. गोदामात, गोठ्यात किंवा चाळीत त्या क्षणी काय स्थिती आहे, ते त्यावरून कळत नाही. इलेक्ट्रॉनिक सेन्सर ते मोजू शकतो. गंमत म्हणजे अनेक स्वस्त सेन्सरमध्येही बाष्प शोषणाऱ्या पदार्थाचा पातळ थरच असतो. पण तो वाचायला वीज, सर्किट आणि पडदा लागतो. वळणाऱ्या पट्टीत मोजणारा, हलणारा आणि दाखवणारा भाग एकच असतो.

महाराष्ट्रात याचा सर्वांत सरळ उपयोग कांदा चाळीत होऊ शकतो. रब्बीचा कांदा एप्रिल-मे महिन्यांत चाळीत भरला जातो आणि तो पावसाळा ओलांडून बाजारात येतो. अशा साठवणुकीसाठी साधारण २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. हवा फार दमट झाली की काळी बुरशी आणि सड वाढते. फार कोरडी झाली की कांद्याचे वजन घटते. इथे शेतकऱ्याला वेधशाळेचा अहवाल नको असतो. चाळीच्या बाजूचे आच्छादन आता उघडायचे की बंद ठेवायचे, एवढेच ठरवायचे असते. ६५ ते ७० टक्क्यांना सरळ उभी राहणारी, दमटपणात एका बाजूला आणि कोरडेपणात दुसऱ्या बाजूला झुकणारी पट्टी हे उत्तर बांधावरून दाखवू शकते. एक पट्टी आत आणि एक बाहेर लावली, तर आतबाहेरचे तापमान जवळपास सारखे असताना बाहेरची हवा आत घेण्यात फायदा आहे की तोटा, तेही कळते.

मग मुंबईच्या उकाड्यात हे उपकरण का फसवते?

कारण शंकू हवेतील एकूण बाष्पाला नव्हे, तर सापेक्ष आर्द्रतेला प्रतिसाद देतो. हवा तापली की तिची बाष्प सामावण्याची क्षमता वाढते. दर एका अंशामागे ही वाढ साधारण सात टक्के असते. सकाळी तापमान २४ अंश आणि आर्द्रता ९० टक्के आहे असे समजू. दुपारी तापमान ३४ अंशांवर गेले आणि बाष्प तेवढेच राहिले, तरी सापेक्ष आर्द्रता सुमारे ५० टक्क्यांवर येते. बाष्प कणभरही कमी झालेले नसते, पण शंकू मात्र 'हवा कोरडी झाली' म्हणून उघडू लागतो. त्याच वेळी शरीराला जाणवणारे तापमान ३८ अंशांच्या आसपास पोहोचलेले असते. म्हणजे धोका वाढत असताना उपकरण उलट दिशेने सरकते.

हा मुद्दा केवळ तांत्रिक नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात उघड्या मैदानावर उन्हात बसलेल्या १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. किनारपट्टीवर केवळ तापमानाचा आकडा पाहून धोका कळत नाही. ३२ अंश तापमान ४० टक्के आर्द्रतेत ३३ अंशांसारखे जाणवते, तर ७० टक्के आर्द्रतेत ते ४१ अंशांसारखे वाटते. भारतीय हवामान विभागाच्या उष्णतेच्या लाटेच्या निकषांतही मैदानी भागासाठी किमान ४० अंश, तर किनारपट्टीसाठी ३७ अंशांची मर्यादा आहे. तापमान एकटे अपुरे आहे, आणि आर्द्रताही एकटी अपुरीच आहे.

यावर उपाय काय?

उकाड्यासाठी निसर्गातील वेगळे उदाहरण घ्यावे लागेल, आणि ते म्हणजे घाम. घाम वाळताना शरीर थंड होते. हवा दमट असेल तर तो वाळत नाही. तापमापकाच्या टोकाला ओले कापड गुंडाळले की तोही घाम गाळणाऱ्या त्वचेसारखा वागतो आणि उष्णता व दमटपणा या दोन्हींचा एकत्रित परिणाम दाखवतो. वरच्याच उदाहरणात हा 'ओला' तापमापक सकाळी २३ अंशांच्या, तर दुपारी २५ ते २६ अंशांच्या आसपास असेल. तो योग्य दिशेने, म्हणजे धोक्यासोबत वर सरकतो.

नागपूरला माठातील पाणी गार होते आणि कूलर चालतो, मुंबईत मात्र दोन्हींचा तितका उपयोग होत नाही, त्याचे कारणही हेच. झिरपणाऱ्या मातीच्या माठातील पाणी साधारणपणे या ओल्या तापमापकाच्या दिशेने थंड होत जाते. त्यामुळे बांधकामाच्या जागी किंवा सभेच्या मैदानावर दाखवायचे उपकरण पाइनच्या शंकूवर नव्हे, तर माठाच्या तत्त्वावर बेतणे अधिक योग्य ठरेल. छोट्या मडक्यातून पाणी ओढणारी वात आणि त्या ओल्या वातीत गुंडाळलेली दोन धातूंची सर्पिल पट्टी काटा फिरवू शकते. अर्थात थेट ऊन आणि वारा यांचाही परिणाम असतो. म्हणूनच अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात जवानांच्या सरावासाठी जो निर्देशांक आणला, त्यात ओल्या तापमापकाबरोबर काळ्या गोळ्यातील तापमानही धरले जाते.

मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा म्हणजे ही उपकरणे अंदाज सांगत नाहीत, तर चालू स्थिती दाखवतात. पाऊस येणार की नाही, याचे उत्तर शंकूकडे नाही.

दुसरी मर्यादा स्थानिक हवामानाची. युरोपासाठी ३० ते ९० टक्क्यांचा पट्टा सोयीचा आहे. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता दीर्घकाळ चढीच राहते, तेव्हा तेथे शंकू मिटून बसेल. विदर्भात मे महिन्यात तो पूर्ण उघडलेला राहील. दोन्ही ठिकाणी महिनाभर न हलणारे उपकरण काहीच सांगत नाही. पट्टीचे लाकूड, जाडी आणि सुरुवातीचे वळण त्या-त्या जागेसाठी बदलावे लागते.

तिसरी मर्यादा पदार्थाची. ओलावा शोषताना आणि सोडताना पट्टी एकाच आर्द्रतेला थोडी वेगळी जागा घेते. शिवाय धूळ, बुरशी आणि सुटणारा डिंक यांमुळे मोजपट्टी हळूहळू सरकते. त्यामुळे मिठाच्या बरणीतील तपासणी दर हंगामाच्या सुरुवातीला करणे इष्ट. अचूक आकडा हवा असेल तर इलेक्ट्रॉनिक सेन्सरला पर्याय नाही.

थोडक्यात काय?

पाइनच्या झाडापुढे एकच प्रश्न असतो : बी आज सोडायचे की थांबायचे? हवा कोरडी असेल तर बी वाऱ्यावर दूर जाते, म्हणून आर्द्रता एवढीच माहिती त्याला पुरते. कांदा साठवणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न त्याच्या जवळपासचा आहे, म्हणून तिथे शंकूचे तत्त्व चपखल बसते. उन्हात काम करणाऱ्या मजुराचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याला माठाकडे पाहावे लागते. निसर्गाकडून यंत्रणा उसनी घेता येते, पण उपकरणाने कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, हे ते वापरणाऱ्याची गरज पाहूनच ठरवावे लागते.